मरून टीशर्ट घालून अँटेलोपला निघालेल्या आपल्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे ग्रुपवरच लिहिणार होते पण तिथे चार ओळींच्या पुढे कोणी वाचत नाही आणि पाचव्या ओळीला कोणीतरी गुलाबाच्या फुलासकट गुड मॉर्निंग टाकतं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड, बीव्हरटन, हिल्सबरोच्या आपल्या सगळ्या मराठी घरांना उद्देशून आहे, पण खास करून ज्यांनी गुरुवारी रात्री "ओशो रँच रोड ट्रिप!!" असं पोस्टर फिरवलं आणि खाली "ड्रेस कोड मरून, फुल सिरीजवाला फील" असं लिहिलं त्यांना. (सिरीज म्हणजे नेटफ्लिक्सवरची 'वाइल्ड वाइल्ड कंट्री', अँटेलोपजवळच्या रजनीशांच्या रँचवरची.) अठ्ठावीस अंगठे पडले त्या पोस्टरला, मी मोजले. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा होता, त्याचं घरी झालंय बोलून.

आधी सांगते, मी काही सोवळ्यातली बाई नाही आणि मला रजनीशांचा रागही नाही. मी पुण्याची, घोरपडीत वाढले, आमचे बाबा वीज बोर्डात होते आणि कोरेगाव पार्कातल्या गल्ल्यांत मीटर वाचायला जायचे. भगव्या-मरून झग्यातले गोरे लोक सायकलवरून जाताना बघणं ही आमची लहानपणीची करमणूक. बाबा एवढंच म्हणायचे, "आपल्या गावात आलेत पण आपल्याशी बोलत नाहीत." १९८१ च्या उन्हाळ्यात ते सगळे अमेरिकेला गेले म्हणून पेपरात आलं, आमच्यासाठी विषय संपला. कुठल्या गावात गेले, तिथल्या माणसांचं काय झालं, हे आख्ख्या पुण्यात कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. मी पण नाही विचारलं, इथे येऊन दहा वर्षं झाली तरी.

२०१८ मध्ये ती सिरीज आली आणि आपल्या सगळ्यांना अचानक कळलं की अरे हे तर आपल्यापासून तीन तासांवर आहे. पुढच्या वर्षी माझा मावसभाऊ आला होता, त्याला घेऊन मी गेले अँटेलोपला. गाव म्हणजे काय, २०२० च्या जनगणनेत ३७ माणसं, आपल्या सोसायटीच्या एका विंगमध्ये जास्त असतात. एक आजोबा कुंपणाला रंग देत होते, मी गाडीची काच खाली करून अगदी उत्साहात विचारलं की रजनीशांची जागा कुठे. त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला, कुठून आलात विचारलं. मी म्हटलं पुणे. त्यांना पुणे माहीत होतं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, पण त्यांनी फक्त पोस्टाजवळच्या झेंड्याच्या खांबाकडे बोट दाखवलं आणि परत रंगवायला लागले. खांबाखाली ब्राँझची पाटी आहे. १९८१ ते ८५ च्या रजनीशी स्वारीत आणि कब्ज्यात जे गाव सोडून गेले नाहीत, ज्यांनी विरोध केला, त्यांच्यासाठी लावलेली. स्वारी आणि कब्जा, हेच शब्द. मी ते वाचत होते आणि माझा मावसभाऊ मागे नमस्काराची पोज देऊन सेल्फी घेत होता. ते आजोबा बघत होते. त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी गाडीत एक शब्द बोलले नाही.

तर मंडळी, जिथे जाताय ती वास्को काउंटी, काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा. (वास्को म्हटलं की आपल्याला गोव्याचं स्टेशन आठवतं, त्याचा काही संबंध नाही. हे नाव कोलंबिया नदीकाठच्या वास्को जमातीचं, शिंगापासून कोरलेल्या वाटीवरून पडलेलं.) आपण कित्येकदा गेलोय तिथे, फक्त आपल्याला माहीत नसतं. हूड रिव्हर मागे पडलं की मोझियरपाशी काउंटी सुरू होते आणि बघता बघता झाडं संपतात, हिरवं जाऊन पिवळं-तपकिरी होतं. खंडाळा चढून देशावर यावं तसंच, कारणही तेच, पाऊस डोंगराच्या अलीकडेच सगळा पडून जातो. पुढे गव्हाची शेतं आणि मध्ये द डॅल्सच्या आसपास चेरीच्या बागा. द डॅल्स हे काउंटीचं मुख्य गाव, जिल्ह्याचं ठिकाण म्हणा.

ही काउंटी १८५४ साली झाली तेव्हा कॅस्केड डोंगरांपासून पार रॉकीजपर्यंत पसरलेली होती, जवळजवळ १ लाख ३० हजार चौरस मैल, म्हणजे आपल्या आख्ख्या महाराष्ट्राहून मोठी. एक काउंटी! मग तुकडे पडत गेले, एकट्या ऑरेगनमधल्या १७ काउंट्या तिच्यातून निघाल्या. आता राहिलीय ती साधारण २,४०० चौरस मैलांची, तरी सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा मोठी, आणि माणसं किती तर २६,६७०. सिंधुदुर्गात साडेआठ लाख आहेत आणि आपण त्याला विरळ वस्ती म्हणतो. द डॅल्समध्ये १८५९ सालचं पहिलं कोर्टहाऊस अजून जपून ठेवलंय, लाकडी, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातल्या जुन्या शाळेएवढंच. ते बघितलं नसेल तर यावेळी बघा, दहा मिनिटं लागतात.

शॅनिकोत आपण आइस्क्रीमसाठी थांबतो आणि "भुताचं गाव" म्हणून रील करतो, ते १९०० साली रेल्वे आली तेव्हा लोकरीच्या व्यापाराचं एवढं मोठं ठिकाण झालं होतं की जगाची लोकर राजधानी म्हणवून घ्यायचं. दहा-बारा वर्षांत दुसरी रेल्वे डेशूट्स नदीच्या दरीतून गेली आणि संपलं. हे माझ्या आईच्या माहेरासारखं आहे, बायपास झाला आणि स्टँडवरची भजी बंद झाली.

आणि त्या सगळ्याच्या आधीचं सेलायलो. द डॅल्सच्या पुढे १२-१३ मैलांवर नदी खडकांवरून कोसळायची, हजारो वर्षं तिथे लोक लाकडी मचाणांवर उभे राहून जाळ्याने सॅमन धरत होते, लांबलांबून माणसं व्यापाराला यायची. १८५५ च्या तहात या भागातल्या जमातींनी जवळपास एक कोटी एकर जमीन सोडली, वॉर्म स्प्रिंग्जचा राखीव भाग ठेवला, पण नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क सोडला नाही. मग १० मार्च १९५७ ला द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद केले आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली. लोक काठावर उभे राहून बघत होते. मुळशी किंवा कोयनेत ज्यांच्या आजोळची गावं गेली त्यांना मी वेगळं सांगायला नको. म्हणून ती पाटी वाचताना माझ्या मनात हेही आलं की स्वारी आणि कब्जा हे शब्द वास्को जमातीतल्या कोणी वाचले तर त्यांना काय वाटत असेल. पण ते त्यांचं त्यांनी बोलावं, पुण्याच्या पाहुणीने नाही.

आता तुमच्या आवडत्या विषयाकडे येते, कारण सिरीज बघून सगळ्यांच्या डोक्यात राहतं काय, तर रोल्स रॉइस, रजनीशांची सेक्रेटरी शीला, बंदुका. मला विचाराल तर खरी गोष्ट सरकारी काउंटरवर घडली आणि ती आपल्याला जास्त कळायला पाहिजे कारण आपण सातबारा-एनए-ग्रामपंचायतवाली माणसं आहोत.

जुलै १९८१ मध्ये बिग मडी नावाचं ६४ हजार एकरांचं रँच ५७ लाख ५० हजार डॉलर्सला घेतलं, थोडं वास्कोत थोडं शेजारच्या जेफरसन काउंटीत. ऑरेगनमध्ये १९७३ पासून जमीन वापराचा कडक कायदा आहे, शेतजमिनीवर वाटेल तसं बांधता येत नाही. आपल्या भाषेत, एनए नाही तर ले-आउट नाही. तिथे हजारो माणसांचं शहर वसवायचं तर अडचण. मग दोन वाटा काढल्या. एक, रँचवरच नवीन शहर स्थापन करायचा अर्ज, जो काउंटीच्या तिघांच्या बोर्डाने नोव्हेंबर १९८१ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी पुढे जाऊ दिला. दोन, आधीपासून असलेल्या अँटेलोपमध्ये घरं विकत घ्यायची. गावात तेव्हा चाळीसच्या आसपास माणसं, बरीचशी निवृत्त. त्यांनी घाबरून एप्रिल १९८२ मध्ये काय ठराव आणला माहितीये, की आपलं गाव हे शहर म्हणून रद्दच करून टाका, म्हणजे कौन्सिल नको आणि ते ताब्यात घ्यायची भानगडही नको. पण तोवर नवीन मतदार जास्त झाले होते, ५५ विरुद्ध ४२ ने ठराव पडला. स्वतःचं गाव बरखास्त करायला मत द्यायचं आणि तेही हरायचं! त्याच वर्षी नोव्हेंबरात कौन्सिल गेलं, मग शाळा गेली, १९८४ मध्ये गावाचं नाव बदलून रजनीश झालं. बेकायदा काहीच नाही त्यात, सगळं मतदानाने. मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात भीतीदायक वाटतं.

इथे एक सांगते नाहीतर तुम्ही म्हणाल एका बाजूने लिहितेय. रँचवरची बहुतेक माणसं शिकलेली, साधी, मनापासून राबणारी होती. चरून चरून उजाड झालेल्या जमिनीवर त्यांनी धरण बांधलं, झाडं लावली, विमानाची धावपट्टी केली, बससेवा चालवली. आणि स्थानिक लोकांमध्येही सगळे संत नव्हते, गाड्यांवर स्टिकर लावून, टोप्यांवर छापून शिकारीची भाषा चालायची. द्वेष दोन्हीकडून होता. पण विष एकाच बाजूने घातलं गेलं आणि तेही वरच्या मूठभर लोकांनी.

१९८४ च्या नोव्हेंबरात काउंटी बोर्डाच्या तीनपैकी दोन जागांची निवडणूक होती. २९ ऑगस्टला बोर्डाचे प्रमुख बिल हल्स (पदाचं नाव जज, पण काम जिल्हा परिषद अध्यक्षाचं समजा) आणि एक सहकारी रँचच्या पाहणीला गेले होते, उन्हात प्यायला पाणी दिलं गेलं, दोघं आजारी पडले, हल्स हॉस्पिटलमध्ये. त्या पाण्यात साल्मोनेला होता, पोट बिघडवणारा जिवाणू. मग सप्टेंबरात द डॅल्समधल्या दहा रेस्टॉरंटच्या सॅलड बारवर तेच. ७५१ माणसं आजारी. गावाची वस्ती तेव्हा दहा-अकरा हजार. गावातल्या हॉस्पिटलचे बेड भरले. नुकत्याच जन्मलेल्या बाळालासुद्धा लागण झाली होती. कोणी मेलं नाही हे नशीब. हेतू काय तर मतदानाच्या दिवशी गावकरी घरी पडून राहावेत, ही त्याची रंगीत तालीम. आणि सरकारी आरोग्य खात्याने सुरुवातीला निष्कर्ष काढला की रेस्टॉरंटमध्ये जेवण करणाऱ्या-वाढणाऱ्या कामगारांचे हात स्वच्छ नव्हते! वर्षभर त्या पोरापोरींवर तो ठपका राहिला, हे सिरीज बघून कोणाच्या लक्षात राहत नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये पोलिसांना रँचवरच्या लॅबमध्ये त्याच जिवाणूची बाटली सापडली तेव्हा खरं बाहेर आलं.

दुसरा डाव मतदारयादीचा. देशभरातल्या शहरांतून बेघर माणसं बस भरभरून आणली, हजारोंनी, "घर वाटून घ्या" अशी योजना म्हणून, पण वेळ नेमकी निवडणुकीची. तेव्हा ऑरेगनमध्ये थोडे दिवस राहिलं तरी मतदार म्हणून नोंदणी व्हायची. काउंटी क्लार्क होत्या सू प्रॉफिट. क्लार्क म्हणजे आपल्या डोक्यात येतो तसा कारकून नाही, लोकांनी निवडून दिलेलं पद, मतदारयादी आणि निवडणूक त्यांच्याकडे. त्यांनी ऑक्टोबरात काउंटीतली सगळी नवीन नोंदणी थांबवली आणि सांगितलं की प्रत्येकाने स्वतः सुनावणीला यायचं, तुम्ही खरंच इथले रहिवासी आहात का ते बघू. सगळ्यांना, नुसत्या रजनीशींना नाही. हे बरोबर की चूक यावर मी आणि माझा लेक तासभर भांडलोय, तो म्हणतो गरीब माणसांचा मताचा हक्क गेला, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण त्या बेघर लोकांना दोन्ही बाजूंनी वापरलं आणि नंतर त्यातल्या कित्येकांना जवळच्या गावांत नुसतं सोडून दिलं. पण मी त्या बाईंना काउंटरमागे बसलेलं डोळ्यासमोर आणते, बाहेर टीव्हीवाले, राज्यभरातले वकील, आणि हातात काय तर एक रजिस्टर. रजनीशींनी शेवटी निवडणुकीवर बहिष्कार टाकला. पुढच्या जानेवारीत काउंटीच्या प्लॅनिंग ऑफिसला आग लावली गेली, म्हणजे राग कशावर होता बघा, फायलींवर. आणि १९८६ मध्ये ऑरेगनच्या मतदारांनी राज्यघटनाच बदलून नोंदणीची मुदत निवडणुकीच्या वीस दिवस आधी आणून ठेवली. आपल्यातले जे आता सिटिझन झालेत आणि शेवटच्या दिवशी नोंदणीसाठी धावपळ करतात त्यांनी लक्षात ठेवा ही मुदत कुठून आली.

बाकी तुम्हाला माहितीये, शीला सप्टेंबर ८५ मध्ये युरोपात पळाली, ऑक्टोबरअखेर भगवानांना नॉर्थ कॅरोलिनात विमानतळावर पकडलं, नोव्हेंबरात ४ लाख डॉलर दंड भरून देश सोडला आणि १९८७ च्या सुरुवातीला परत आमच्या कोरेगाव पार्कात. अँटेलोपने नोव्हेंबर ८५ मध्येच मतदान करून जुनं नाव परत घेतलं. रँच आता एका ख्रिश्चन संस्थेचा मुलांचा कॅम्प आहे, खाजगी आहे, गेटवर जाऊन "आम्ही फक्त फोटो काढतो" करू नका प्लीज.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी एवढं लिहिलं. आमच्या ऑफिसात एक बाई होत्या, मागेच रिटायर झाल्या, मूळच्या द डॅल्सच्या. एका वर्षी आमच्याकडे गणपतीला जेवायला बोलावलं. आपलं नेहमीचं ताट, वरणभात, पुरणपोळी, अळूची भाजी, काकडीची कोशिंबीर. त्यांनी सगळं खाल्लं, पुरणपोळी दोनदा घेतली, पण कोशिंबिरीला हात लावला नाही. मी दोनदा आग्रह केला, आपला आग्रह तुम्हाला माहीत आहे, तिसऱ्यांदा मी चमचा भरून त्यांच्या ताटाकडे नेला तर त्यांनी ताट चक्क मागे ओढलं. मला राग आला, खरं सांगते. वाटलं आपल्या घरचं कच्चं खायला घाबरते ही. रात्री नवऱ्याला म्हटलं पण तसं. पुढे दोनेक महिन्यांनी ऑफिसच्या पॉटलकला बघितलं तर तिथेही सॅलडपासून लांब, स्वतःचं सँडविच घेऊन. तेव्हा त्यांनी सांगितलं. १९८४ मध्ये त्या विशीत होत्या, आईच्या वाढदिवसाला घरचे पाच जण जेवायला गेले होते, पाचही जण पडले, वडील कितीतरी दिवस उठले नाहीत. म्हणाल्या, कळतं मला की आता काही होणार नाही, पण उघड्यावर वाढून ठेवलेलं कच्चं काही दिसलं की हात पुढे जात नाही. आणि मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुझ्या घरी मी ताट ओढलं त्याचं मला फार वाईट वाटलं, तू भारतातून आलेली, तुला वाटलं असेल मी तुमच्यामुळे." मी काय बोलणार. मला तेच वाटलं होतं म्हणून सांगितलं. दोघी हसलो.

त्या बाई अजून द डॅल्सला बहिणीकडे जातात दर वीकेंडला. तुम्ही सगळे अठ्ठावीस जण मरून कपड्यांत गावातल्या रेस्टॉरंटमध्ये शिरलात आणि समोरच्या टेबलवर त्या बसलेल्या असल्या तर? किंवा त्यांच्या वयाचं कोणीही. चाळीस वर्षं म्हणजे काही पानिपत नाही झालं. आपल्याकडे भोपाळला कोणी गॅस मास्कची थीम पार्टी करून गेलं तर आपण काय म्हणू.

आणि गाव काही त्या चार वर्षांत अडकून बसलेलं नाहीये हेही सांगते. आपल्या ग्रुपमधले अर्धे क्लाउडवाले आहेत, तुमचा क्लाउड नदीकाठी द डॅल्सलाच आहे, २००६ पासून गुगलचं डेटा सेंटर आहे तिथे. ते किती पाणी पितं हे सांगायचं नाही म्हणून शहर चक्क वर्तमानपत्राविरुद्ध कोर्टात गेलं होतं, २०२२ च्या शेवटी माघार घेऊन आकडे दिले, तर निघालं की शहराच्या पाण्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त वाटा तिकडे जातो. तिथल्या लोकांना आज भांडायचं आहे ते यावर, चेरीच्या भावावर, उन्हाळ्यातल्या वणव्यांवर. चेरीच्या टपरीवरच्या माणसाला हे विचारून बघा, अर्धा तास बोलेल. रजनीशांचं विचाराल तर पैसे परत देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल, माझ्या डोळ्यासमोर झालंय.

तर माझा प्रस्ताव, आयोजकांनी मनावर घ्यावा. ट्रिप रद्द करायची नाही. शनिवारी सकाळी सातला निघायचं, सात म्हणजे सात, मंडळाच्या कार्यक्रमाचे सात नाही. आधी द डॅल्सचं जुनं कोर्टहाऊस, मग सेलायलोच्या काठावर थोडं थांबायचं, तिथे काही दिसत नाही, सपाट पाणी आहे, पण मुलांना सांगायचं खाली काय आहे. तिथे लोक सॅमन विकायला बसलेले असतात, घासाघीस न करता घ्या, बर्फाची पेटी मी आणते. मग चेरी तोडायला बाग. अँटेलोपला ज्यांना जायचंच असेल त्यांनी जा, रस्ता कोणाच्या बापाचा नाही, पण साध्या कपड्यात जा, पाटी वाचा, ड्रोन उडवू नका, कुंपण रंगवणारे आजोबा दिसले तर हात करा आणि पुढे निघा.

मरून टीशर्टची ऑर्डर गेली असेल तर गणपतीत ढोल पथकाला वापरू, रंग छान आहे. डब्यात कोशिंबीर आणू नका, त्या बाई बागेत भेटायला येणार आहेत, मी बोलावलंय. कोणाच्या गाडीत किती जागा आहे ते बुधवारपर्यंत कळवा आणि चेरीसाठी बादली ज्याची त्याने आणायची, गेल्या वेळी माझ्या दोन गेल्या त्या अजून आल्या नाहीत.

तुमची,
बीव्हरटनची पुणेकर ताई